बायनाचं दळण

मानमोडीचा ताप आला त्या साली तलवाड्यात रडायलासुद्धा माणूस धड उरलं नव्हतं. सकाळी ज्यानं तिरडीला खांदा दिला, तो सांजेला स्वतःच मान टाकायचा. साथ ओसरली, घरोघरच्या चुली पुन्हा धूर टाकायला लागल्या, तेव्हा एका सकाळी वेशीजवळच्या मारुतीच्या पारावर एक पोर बसलेली दिसली. असेल चार-पाच वर्षांची. हातातल्या फडक्यात अर्धी भाकरी, अंगात जुन्या लुगड्याचा शिवलेला झगा. तोंडभर देवीचे खोल वण, आणि डोळ्यांत बुबुळांच्या जागी शिळ्या दुधावर धरते तशी पांढरी साय.

लोकांनी विचारलं तेवढं तिनं सांगितलं. नाव बायना. बाप धोंडीराम, तो तापात गेला. मग माय गेली. मग काकानं गाडीत घातलं आणि इथं उतरवलं. पाणी घेऊन येतो म्हणाला.

पोर अजून पाण्याची वाट पाहत होती.

पाटील अर्जुनराव भला माणूस. त्यानं गोदाकाठच्या गावांना निरोप धाडले, की लेकरू ज्याचं असेल त्यानं घेऊन जावं. कोणी आलं नाही. मग चावडीवर गाव बसलं आणि गावानं आपल्या परीनं चांगलंच ठरवलं. पोरीला घरपाळीनं सांभाळायचं. आज या घरी, उद्या शेजारी, परवा त्याच्या पुढं. एकावर ओझं नको आणि पोर उपाशी नको. ज्याची पाळी त्यानं सकाळी बोटाला धरून न्यायचं, जेवू घालायचं, निजवायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या उंबऱ्यावर सोडायचं. गाव गुरं राखतं तसंच.

पाळी फिरत फिरत छबुबाईच्या घरी आली. छबुबाईचं घर गावाच्या कडेला, पलीकडे लगेच रान. नवरा शहादेव, मितभाषी शेतकरी. दोन लेकरं झालेली, दोन्ही मातीआड गेलेली. त्यामुळं घरात भांडी कमी आणि शांतता फार.

पोर आली ती उंबऱ्याला ठेचाळूनच आली. रडली नाही. गुडघे आधीच फुटलेले होते, कपाळावर टेंगूळ, आणि उजव्या हाताला भाजल्याचा ताजा फोड. छबुबाईनं भाकरी पुढं केली, तर पोरीनं भाकरी घेतली नाही. आधी विचारलं, "तुमच्यात चूल कुण्या अंगाला हाय?"

छबुबाईनं भाकरी खाली ठेवली. तिनं पोरीचा हात धरला आणि घर दाखवलं. ही चूल. हा रांजण. हे जातं. हा खांब, ही कणग्यांची ओळ. पोर एकेकाला हात लावायची, नाक लावायची, पायाच्या अंगठ्यानं जमीन चाचपायची. दिवस मावळेपर्यंत ती त्या घरातून एकटी फिरायला लागली. आणि सकाळी तिला पुढच्या घरी सोडायची होती. तिथं चूल दुसऱ्या अंगाला, रांजण तिसऱ्या. पुन्हा कपाळ, पुन्हा गुडघे. रोज एक घर शिकायचं आणि रोज ते विसरायचं. पोरीच्या पोटाला गाव होतं, पायाला घर नव्हतं.

सकाळी शेजारची सुंदरबाई पोरीला न्यायला आली. ही बाई तोंडाची तिखट आणि मनानं गूळ. छबुबाई तिला म्हणाली, आजचा दिवस राहू दे. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशी सुंदरबाई पदर खोचून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माझी पाळी तू कावून खातीस ग? मला पुण्य लागू देणार न्हाईस का?" आणि मग पोर खांबाला वळसा घालून, न अडखळता, तिला पाण्याचा तांब्या घेऊन आली. सुंदरबाईनं पाणी पिऊन तांब्या हातात परत दिला. तहान नसताना प्यायली. परत पाळीचं नाव काढलं नाही.

छबुबाई पाटलाकडे गेली. पाटील म्हणाला, वैनी, गावानं ठरवलेलं हाय, मोडता कशाला? छबुबाई जमिनीकडे बघत म्हणाली, "गावानं भाकरी ठरवली, पाटील. उंबरा कुणी ठरवला न्हाई. तेवढा माझा घ्या."

असा उंबरा ठरला.

त्या घरात मग एक नवी रीत आली. वस्तू जागची हलवायची नाही. तांब्या जिथं असतो तिथंच. घागर जिथं तिथंच. शहादेव रानातून आल्यावर खुरपं कुठंही टाकायचा, ते त्याचं बंद झालं. त्यानं दारापासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून परसापर्यंत कमरेएवढ्या उंचीवर सुंभाची दोरी ताणली. कणग्यांच्या गळ्यांना त्यानं खुणा केल्या, ज्वारीच्या कणगीला एक खाच, बाजरीच्या कणगीला दोन. छबुबाईनं एवढंच शिकून घेतलं, की पोरीला हात लावण्याआधी बोलायचं. अचानक लागलेला हात तिला फटक्यासारखा वाटायचा. पोर दचकली की छबुबाईचा जीव अर्धा व्हायचा. कोणी हे शिकवलं नव्हतं. पोरच शिकवत गेली आणि दोघं शिकत गेली.

बायना शहादेवला बा म्हणायला लागली. छबुबाईला पहिल्यांदा माय म्हणाली तेव्हा ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर पडायची ती चुलीत पडली.

झुंजुमुंजू व्हायच्या आत छबुबाई जात्यावर बसायची. एके दिवशी खुंट्यावर तिच्या हाताशेजारी एक लहान हात आला. जड जातं अर्धं हलकं झालं. तेव्हापासून समोरासमोर दोघी. छबुबाई घास घालायची, ओढायची आणि गायची:

*जात्याच्या ग तोंडी, मूठ ज्वारीची घालीते*
*कुणी टाकलेली लेक, पोटाशी पाळीते*

पोर ऐकायची. ओवी ऐकायची आणि दगडही ऐकायची. दगड भरला की तो कसा गुरगुरतो, रिकामा झाला की कसा खरखरतो, आणि नेमका घास पडला की कसा झोपेतल्या लेकरासारखा एका लयीत श्वास घेतो, हे तिला छबुबाईच्या आधी कळायला लागलं. पुढं घास घालायचं काम तिचंच झालं. चिमूट नाही, पसा नाही, मधली मूठ. पिठाची धार परातीत पडायची तशी ती अंगठ्यानं आणि बोटानं चोळून बघायची. कपाळाला लावायच्या भस्मासारखं मऊ. वर्षं गेली, तिचे दंड भरले, खांदे रुंद झाले. आणि ती स्वतःच्या ओव्या जोडायला लागली. एका सकाळी दळण लांबलं आणि जात्याशी ऊन येऊन पडलं, तेव्हा तिनं जोडलेली ही:

*उजेड कसा आसं, सांग सये मला नीट*
*हाताला लागं माझ्या, त्याचं ऊन ऊन पीठ*

छबुबाईनं त्या दिवशी तीच ओवी पुन्हा गायली.

गावात बायनाचं दळण नावाजलं. बाळंतिणीच्या घरी, आजाऱ्याच्या घरी तिचं पीठ जायचं. सुंदरबाई म्हणायची, डोळसांच्या पिठात खडे निघतात, हिच्या पिठात पापणीचा केसही सापडायचा नाही. बायना हे ऐकून मान खाली घालायची आणि हसायची. तोंडावरचे वण हसताना हलायचे. जिला आयुष्यात एकदाच कोणी गाडीत घातलं होतं आणि तेही टाकून देण्यासाठी, तिला या दोन-चार शब्दांची भूक किती असेल, हे तिचं तिलाच ठाऊक.

बायना वयात आली त्या सुमाराला पाटलाच्या घरी लेकीचं लग्न निघालं. पोळ्यांचा गहू दळायला बायनाकडेच आला. ती हाताला फोड येईपर्यंत दळत होती. मग हळदीचा दिवस आला. जात्याला आंब्याचे डहाळे बांधले, हळकुंडं घातली, सवाष्णी बसल्या. बायनाही आवाजाच्या रोखानं गेली आणि तिनं खुंट्याला हात लावला. कोणा पाहुण्या बाईनं तो हात उचलून बाजूला ठेवला. रागानं नव्हे, दह्यात पडलेला केस काढून ठेवावा तसा. आंधळ्या हाताची हळद नवरीला नको. बायना भिंतीला जाऊन बसली.

छबुबाईनं ते पाहिलं. ती कधी चारचौघांत वर बोलणारी बाई नव्हती. पण दुसऱ्या दिवशी पंगतीत वऱ्हाडणी पोळ्यांची तारीफ करायला लागल्या, पीठ आहे की लोणी, कोणाच्या हातचं म्हणायचं हे, तेव्हा तिला राहवलं नाही. भरल्या पंगतीत ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या बायनाच्या. काल जिचा हात तुमी जात्यावरून काढला तिच्या. अख्ख्या लग्नाचं दळण एकटीनं केलंय."

पंगतीत कुजबुज झाली. छबुबाईच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. वऱ्हाड गोदाकाठचं होतं. ते आपल्या गावी गेलं, आणि पोळ्यांबरोबर ती गोष्टही गेली, की तलवाड्यात एक आंधळी पोरगी आहे, धोंडीरामाची म्हणे, आणि ती चार बायांचं दळण एकटी ओढते.

ज्वारीची खळी उरकल्यावर एक बैलगाडी वेशीत आली. गाडीत आसाराम होता, बायनाचा चुलता, आणि त्याची बायको भिवराबाई.

चावडीवर आसारामानं काही लपवलं नाही. तो लबाड माणूस नव्हता, ही त्यातली वाईट गोष्ट. तो म्हणाला, त्या साली घरात तापाचं थैमान होतं, भाऊ गेला, भावजय गेली, माझंच एक लेकरू गेलं, खाणारी तोंडं आणि मधे ही आंधळी. काय करायचं? देवाच्या दारात ठेवली. पाटलानं विचारलं, आणि कोणी उचललीच नसती तर? आसाराम म्हणाला, "मला वाटलं, मारुतीचा पार हाय, कुणी ना कुणी यील. आलंच की."

भिवराबाईचा उजवा हात मनगटात वाकडा होता. आडावर घसरून मोडलेला, तसाच सांधलेला. घरात चार कर्ते पुरुष, पोरांची लग्नं अजून व्हायची, म्हणून सून नाही. दळण शेजारणींच्या दयेवर चाललेलं. ती मधेमधे तो हात दुसऱ्या हातानं दाबत होती. हे सगळं छबुबाईला दिसत होतं आणि दिसूनही तिच्याविषयी कळवळा येत नव्हता, म्हणून तिला स्वतःचीच भीती वाटली.

ती म्हणाली, मी वाढवली. पाटलानं मान डोलावली. त्यानं आसारामाला बरंच सुनावलं, टाकलेलं लेकरू कामाचं झाल्यावर आठवलं का, असं चारचौघांत विचारलं. पण शेवटी त्याचा आवाज उतरला. म्हणाला, वैनी, रक्ताचा माणूस समोर उभा हाय. तुमी तालुक्याच्या कचेरीत जरी गेलात तरी अमीनसाहेब एवढंच इचारणार, चुलता कोण? आणि तुमी कोण? शहादेव बसल्या जागेवरून म्हणाला, दत्तक घेतो. त्यावर कोणीतरी हसलं. दत्तक मुलगा घेतात. पोरीला आणि तीही आंधळीला कोण दत्तक घेतं, बे?

मग भिवराबाई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, उगं ऐकीव गोष्टीवर मी आंधळं माणूस घरात नेणार नाही. जन्माचं करावं लागतं. उद्या सकाळी तिनं माझ्यासमोर दळावं. पीठ बघीन, पटलं तर नेईन. नाही पटलं तर आमची आम्ही जाऊ.

बाजारात बैलाचे दात बघावेत तसं ते बोलणं होतं. पण छबुबाईला त्यात फट दिसली. दार नाही, फट.

सांजेला दिवा लावून झाल्यावर ती बायनाजवळ बसली आणि तिनं सगळं सांगितलं. कोण आलंय, कशाला आलंय, उद्या काय बघणार. आणि मग म्हणाली, उद्या तू मोठमोठे घास घाल. मूठ सोडून पसा घाल. दगड भरू दे, भरड पडू दे. भरड पाहिली की ते निघून जातील, कायमचे जातील.

बायनानं अंगठा बोटावर चोळला, पीठ बघताना चोळायची तसा. मग तिनं विचारलं, "त्यांना सांगायचं, मला दळता येत न्हाई म्हणून?"

"हां. एवढंच."

"बरं," बायना म्हणाली.

त्या बरंमध्ये काय होतं हे छबुबाईनं ऐकलं नाही. तिला फक्त होकार ऐकायचा होता.

सकाळी ओसरीवर जातं पुसून ठेवलं होतं. अंगणात पाटील, आसाराम, चार गाववाले. सुंदरबाई कमरेवर हात ठेवून कुंपणाशी. भिवराबाई ओसरीच्या कडेला पाय खाली सोडून बसली, पिठाच्या धारेजवळ. बायना आली, खुंटा धरला, सुपातल्या ज्वारीत हात घातला. आणि पसाभर ज्वारी जात्याच्या तोंडात ओतली.

दगड गुरगुरला. छबुबाईला तो आवाज ओवीपेक्षा गोड वाटला. परातीत भरड पडायला लागली, अर्धे दाणे, कण्या, कोंड्यात अडकलेले तुकडे. बायनानं दुसरा पसा घातला. भिवराबाईनं भरड बोटांवर घेतली, चोळली, आणि बोटं झटकली. आसारामाकडे वळून ती हलक्या आवाजात म्हणाली, पण ओसरी लहान होती.

"मी सांगत न्हवते का. आंधळं ते आंधळंच. तवा टाकली तेच बरं केलं."

जातं थांबलं.

बायनाचा हात खुंट्यावर तसाच होता. तिच्या तोंडावर काही हललं नाही, वणसुद्धा नाही. छबुबाईला वाटलं, आता उठेल, आत जाईल, संपलं. पण बायनानं जात्याची वरची पाळी उचलून बाजूला केली. हातानं चाचपून आतली सगळी भरड झाडली, परात रिकामी केली, दगडावरून तळहात फिरवला. पाळी पुन्हा बसवली. आणि सुपात हात घातला. या वेळी पसा नाही. मधली मूठ.

छबुबाई दाराच्या चौकटीला टेकली. तिला पीठ बघायची गरज नव्हती. दगडाचा आवाजच सांगत होता. झोपेतल्या लेकराचा श्वास. परातीत धार पडत होती, पांढरी, पिठूळ, सावलीसारखी आवाज न करणारी. सुंदरबाई कुंपणाशी पदर तोंडात धरून उभी. बायनानं अख्खं सूप दळलं. खांदे पुढंमागं होत राहिले, कपाळावर घाम आला, तो तिनं पुसला नाही. दळण संपल्यावर परात तिनंच दोन्ही हातांनी उचलली आणि जिकडून ते शब्द आले होते तिकडे सरकवली.

"आता बघा," ती म्हणाली.

भिवराबाईनं डाव्या हातानं पीठ घेतलं. चोळलं. जिभेवर ठेवलं. तिचं तोंड बदललं. त्यात लाज नव्हती, हव्यासही नव्हता. घागर खूप लांबून आणलेल्या बाईला कोणी हात दिला की जसं होतं, तसं ते झालं. तिनं आसारामाकडे मान हलवली आणि म्हणाली, तिचे कपडे बांधा. ऊन व्हायच्या आत निघू.

बायना उभी राहिली. "मी न्हाई यायची," ती म्हणाली. स्पष्ट, शांत. हे वाक्य तिनं रात्रभर जवळ बाळगलं असावं, इतकं ते घोटलेलं होतं.

आसाराम हसला. हसण्यात वाईटपणा नव्हता. "तुला कोण इचारतंय, पोरी?"

बायनानं पाटलाच्या दिशेनं तोंड फिरवलं. पाटील जमिनीकडे बघत होता. मग छबुबाईच्या दिशेनं. छबुबाई आत वळली आणि गाठोड्याचं फडकं शोधायला लागली. शहादेव सरळ गोठ्यात निघून गेला आणि बैलाच्या मानेवर हात टाकून उभा राहिला.

आत छबुबाई गाठोडं बांधत होती, बायना भिंतीशी बसली होती.

"माय, मला वाटलं, ते बघतील. लाजतील. आन् मग मी म्हणंन, न्हाई यायची. आसं वाटलं."

छबुबाई लुगड्याची घडी घालत होती. ती घडी पुन्हा पुन्हा मोडत होती. क्षणभर तिला त्या पोरीचा राग आला, असा राग की थोबाडीत द्यावी आणि पोटाशी धरावी, दोन्ही एकदमच. तिला स्वतःची ती पंगत आठवली. भरल्या लोकांत आपणही असंच उभं राहिलो होतो. आपल्यालाही दाखवायचंच होतं. मग राग कोणावर करायचा?

"लई चांगलं दळलंस," ती म्हणाली.

बाहेर तिनं भिवराबाईला गाठलं आणि सांगायला सुरुवात केली. वस्तू हलवू नका, तांब्या ठेवाल तिथंच ठेवत जा. दारापासून आडापर्यंत एक दोरी ताणा, दोरी मी देते. हात लावायच्या आधी बोला, नाहीतर ती दचकते. उन्हाळ्यात डोळ्यांच्या खोबणी दुखतात, तुरटीचं पाणी लावा, गार, ताजं. भरल्या घरात तिला एकटीला सोडू नका, गलक्यात तिला दिशा कळत नाही. भिवराबाई मान हलवत होती आणि तिची नजर बैलांकडे होती, सूर्याकडे होती. शेवटी म्हणाली, "बरं, बरं. आमच्यात काय माणसं न्हाईत का?" आणि मग, जरा थांबून, हलक्या आवाजात, "माझा हात मोडलाय, बाई. तुला काय वाटतंय, मला हौस हाय?"

छबुबाईनं गुंडाळून आणलेली दोरी गाडीत टाकली. आसारामानं ती उचलली, ताणून पाहिली, चांगली आहे म्हणाला, आणि त्याच दोरीनं कडब्याच्या पेंढ्या आवळल्या.

बायनाला गाडीत बसवलं. बैलांच्या गळ्यात घुंगरांच्या माळा होत्या, बैल मान झटकत होते, आणि त्या आवाजात बाकी सगळे आवाज बुडून गेले. सुंदरबाई काही बोलली ते बुडालं. पोरंसोरं ओरडली ते बुडालं. गाडीच्या मागच्या बाजूला छबुबाई उभी होती. बायना गाडीची कड हातानं धरून बसली आणि तिनं तोंड वळवलं ते बाजूच्या मोकळ्या रानाकडे. तिकडे कोणी नव्हतं. कापलेल्या ज्वारीची धसकटं आणि त्यांत दोन बगळे.

त्या रानाला ती म्हणाली, "माय, तू जा आता घरी. बा गोठ्यात एकलाच हाय."

कोणी हसलं नाही. छबुबाईनं पोरीला सांगितलं नाही, की मी इकडं आहे. ती गाडीला वळसा घालून, पाय न वाजवता, त्या धसकटांत गेली. ज्या जागेशी बायना बोलत होती त्या जागेवर जाऊन उभी राहिली, अगदी तिच्या तोंडासमोर. धसकटांनी पाय सोलले.

"जाते," ती म्हणाली. "तू नीट बस. कडेला धरून बस."

आवाज समोरून आला तशी बायनाच्या तोंडावरची शीर सैल झाली. ती हसली.

आसारामानं कासरा ओढला. गाडी हलली. छबुबाई बाजूनं चालत राहिली, धसकटं तुडवत, ते तोंड आपल्यासमोर राहील इतकं. मग ओढ्यापाशी रस्ता वळला, तशी गाडी वळली, आणि बायनाचं तोंड ओढ्याच्या पलीकडच्या माळाकडे झालं. ती अजून काहीतरी सांगत होती, ओठ हलत होते. त्या माळावर छबुबाईला पोचता आलं नाही.